आधी पदार्थ ठरवा, मग कथानक: व्यसनावरच्या ख्रिस्ती सस्पेन्स कादंबरीसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: जालन्यातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबावर सस्पेन्स कादंबरी लिहायची आहे. वडील मंडळीचे, म्हणजे चर्चचे, खजिनदार, आई खासगी दवाखान्यात नर्स, मोठ्या मुलीचं लग्न ठरतंय आणि अकरावीतला सोळा वर्षांचा मुलगा ‘ड्रग्जच्या नादी’ लागलाय. मंडळीचे पैसे गायब होतात, संशय घरातच फिरतो. वैद्यकीय आणि कायद्याचे तपशील खरे कसे ठेवायचे, आणि विश्वासाचा धागा प्रवचन न होता कसा विणायचा?

आराखड्यात सगळ्या पात्रांना नावं आहेत, पदार्थाला नाही. नुसतं ‘ड्रग्ज’ म्हटलंय. गांजा, कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, एमडी आणि सोल्युशन यांतला एक निवडल्याशिवाय पुढचं एकही प्रकरण लिहू नका. नशा किती तास टिकते, डोळे कसे दिसतात, पैसा कुठल्या वेगानं जातो, सोडल्यावर तिसऱ्या दिवशी काय होतं, पोलिसांनी धरलं तर कुठलं कलम लागतं, जीव गेलाच तर कशानं जातो, हे सगळं पदार्थ ठरवतो. लेखकाच्या हातात फक्त निवड असते.

गांजा मिळायला सोपा, पण सस्पेन्सला तसा आळशी. डोळे लाल, भूक वाढलेली, अभ्यासात लक्ष नाही, आणि रोज ओढणाऱ्यानं सोडलं की आठवडा-दोन आठवडे चिडचिड, झोप नाही, घाम. खोलीत कोंडलेला गांजेकस मुलगा भिंतीवर डोकं आपटतोय, तोंडाला फेस येतोय, असं दृश्य लिहिलं तर जाणकार वाचक तिथंच पुस्तक मिटेल. ज्यांच्या घराण्यात मानसिक आजार आहे अशा पोरांना गांजानं संशयविकार होऊ शकतो. ते खरं आहे, पण मग ती वेगळ्याच आजाराची कादंबरी होते.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. मराठवाड्यात हे आता मुंबईहून आलेलं पाहुणं राहिलेलं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठण एमआयडीसीत महसूल गुप्तचर संचालनालयानं छापे घातले, एप्रिल 2025 मध्ये लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातल्या रोहिणा इथं एमडी बनवण्याची जागा सापडली. नाकातून ओढलेल्या एमडीचा जोर तास-दोन तासांत ओसरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घेतली जाते, दोन-दोन रात्री झोप नाही, जबडा आवळलेला, बाहुल्या मोठ्या, कुणीतरी पाठलाग करतंय अशी खात्री. मग एकदम कोसळणं: दीड दिवस झोप आणि काळीकुट्ट उदासी. आत्महत्येचा धोका त्या उदासीत असतो. नशेत तितका नसतो. जालन्यातल्या खजिनदाराच्या पोराला हे परवडणार नाही असं नाही, पण मग त्यानं पुड्या पोचवायला सुरुवात केली पाहिजे. ते कथानक तुम्हाला हवंय का, हे बघा.

सोल्युशन, म्हणजे पंक्चर काढायचं चिकट द्रव्य किंवा व्हाइटनर-थिनर, रुमालावर घेऊन हुंगतात. केंद्र सरकारच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हा एकच प्रकार असा निघाला की ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे: 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, प्रौढांत 0.58. तोंडाभोवती पुरळ, कपड्यांना वास, पंधरा-वीस मिनिटांची झिंग. एक गोष्ट मात्र कुठल्याही थरारपटाच्या लेखकानं माहीत करून घ्यावी: नुकतंच हुंगलेल्या मुलाच्या अंगावर ओरडून धावून गेलं, तो घाबरून पळाला, तर हृदयाचा ठोका बिघडून तो तिथल्या तिथं मरू शकतो. पहिल्याच वेळी हुंगणाराही मरू शकतो. रेल्वे पटरीजवळचा पाठलाग लिहिणार असाल तर हे लक्षात असू द्या.

माझा सल्ला गोळ्यांचा आहे. संभाजीनगर-जालना पट्ट्यात पोरं ज्याला ‘बटन’ म्हणतात ती, म्हणजे नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलामची. कारण तुमचं घर. आई नर्स आहे, आजीला झोपेची गोळी डॉक्टरनंच दिलेली असू शकते, आणि मुलगा अकरावीत आहे. रात्री जागून अभ्यास, मग झोप येत नाही, मित्रानं दिलेली अर्धी गोळी. सुरुवात इतकी साधी असते की त्यात खलनायकाला जागाच नसते. काही आठवड्यांत तेवढ्यानं भागत नाही, कारण शरीर सरावतं. मग झोपेसाठी घेतलेली गोळी दिवसाही घेतली जाते, भीती घालवायला, धीट व्हायला. आणि हो, या गोळ्यांनी सगळे सुस्तच होतात असं नाही. काही पोरं उलटी बेफाम होतात, हात उचलतात.

या गोळीत सस्पेन्सकाराला फुकट मिळणारी गोष्ट म्हणजे विस्मरण. गोळी घेतल्यावरचे काही तास मेंदू नोंदवतच नाही. मुलगा चालतो, बोलतो, दार उघडतो, फोनवरून पैसे पाठवतो, बघणाऱ्याला जेमतेम थोडा जड वाटतो, आणि सकाळी त्याला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. तो खोटं बोलत नाही. ‘मी पैसे घेतले नाहीत, पप्पा, प्रभूची शपथ’ हे तो प्रामाणिकपणे म्हणू शकतो, आणि पैसे त्यानंच घेतलेले असू शकतात. खजिनदार बापाला यापेक्षा जास्त छळणारं वाक्य मिळणार नाही.

पण इथंच नव्वद टक्के लेखक घसरतील: शेवटच्या प्रकरणात मुलाला ‘सगळं आठवतं’. नाही आठवणार. विसरलेलं परत येतं तेव्हा ते कुठंतरी साठलेलं असतं; इथं साठलेलंच नसतं. गोळी घेण्याआधीचं आठवेल, मधले तास कायमचे कोरे. म्हणजे उलगडा बाहेरूनच व्हायला हवा. यूपीआयवर रात्री 11.40 ला गेलेली रक्कम, मेडिकलसमोरच्या दुकानाचा कॅमेरा, बहिणीनं ऐकलेली फाटकाची कडी. हे बंधन आहे म्हणून कादंबरी घट्ट होईल.

दुसरी फुकट मिळणारी गोष्ट गोळीची पट्टी. बॅच नंबर, उत्पादकाचा परवाना आणि मुदत साधारण पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. विकणारे म्हणूनच पट्टी तुकडे करून देतात. आईला गादीखाली चार गोळ्यांचा तुकडा सापडला आणि त्यावर बॅचचे अर्धेच आकडे असले, तर तिथून माग सुरू होतो. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल ही औषधं ‘एच-वन’ अनुसूचीत येतात. 2014 पासून मेडिकलवाल्याला त्यांच्या विक्रीची वेगळी वही ठेवावी लागते: डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, नग. ती वही तीन वर्षं जपावी लागते आणि अन्न व औषध प्रशासनाचा औषध निरीक्षक ती कधीही मागू शकतो. त्या वहीत आजीच्या नावावर, ती गेल्यानंतरच्या तारखेला, गोळ्या दिल्याची नोंद सापडली तर? चिठ्ठी कुणी नेली हा प्रश्न आपोआप उभा राहतो. आईवर संशय घ्यायचा असेल तरी मार्ग आहे, पण दवाखान्यातून मॉर्फिन-फेंटानिल चोरीला गेलं असं लिहू नका. ती औषधं दुहेरी कुलपात असतात, दर पाळीला मोजली जातात, तिथला फरक त्याच रात्री कळतो. झोपेच्या गोळ्यांवर तितका पहारा नसतो.

आता घड्याळ. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्याकडे मुलाचं व्यसन कळल्यावर अमेरिकी कादंबरीतल्यासारखी सगळ्यांनी गोल बसून बोलायची बैठक होत नाही. आई आठवडाभर नवऱ्यापासून लपवते. मग बाप एक थोबाडीत देतो. मग मामाला फोन जातो, आणि पोराला मंठा नाहीतर घनसावंगीकडच्या गावी पाठवलं जातं, ‘चार दिवस शेतात राहील, संगत सुटेल’. ख्रिस्ती घरात याला जोडून तीन दिवसांचा उपास आणि प्रार्थना येते. हेतू सगळे चांगलेच. गांजाच्या मुलाला यात फारसा शारीरिक धोका नाही. कोडीनच्या मुलाला हाल होतील: आठ ते चोवीस तासांत जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, मग जुलाब, हाडं दुखणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस आणि आठ-दहा दिवसांत उतार. मरण सहसा येत नाही, पण जुलाब-उलट्यांनी पाणी कमी पडून प्रकृती बिघडते. महिनोन् महिने भरपूर गोळ्या घेणारं पोर मात्र एकदम तोडल्यावर झटक्यांनी जाऊ शकतं. दारूप्रमाणेच हीही नशा एका दिवसात बंद करणं जिवावर बेतू शकतं, आणि हे घरच्यांना ठाऊक नसतं.

अल्प्राझोलामचा क्रम साधारण असा. गुरुवारी रात्री प्रभुभोजनाच्या भक्तीनंतर शेवटची गोळी. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) दुपारी, येशूच्या क्रुसावरच्या सात वचनांची उपासना चालू असताना, अस्वस्थता, हातांना बारीक कंप, घाम. पेटी-तबल्याचा आवाज कानात खुपतो, खिडकीतला उजेड सहन होत नाही. त्या रात्री झोप नाही. शनिवारी छातीत धडधड, मळमळ, कुणीतरी खोलीत आहे असा भास. शनिवार रात्र ते रविवार पहाट, म्हणजे शेवटच्या गोळीपासून एक ते तीन दिवसांच्या आत, झटका. नायट्राझेपाम शरीरात जास्त रेंगाळते, त्यामुळे तिथं सगळंच पुढं सरकतं, चौथ्या-पाचव्या दिवसावर जातं, आणि घरच्यांना ‘सुटला, प्रार्थना ऐकली’ असं वाटून गेलेलं असतं. कुठली गोळी निवडायची हे तुमच्या निर्दयपणावर अवलंबून. ईस्टरच्या पहाटेचा झटका कागदावर फार जुळून आल्यासारखा वाटेल, मी तो टाळेन. नायट्राझेपाम घेऊन तो सोमवारी सकाळी, सगळे निर्धास्त झालेले असताना, आणला तर जास्त खरा वाटतो. मार्च-एप्रिलात जालन्याचा पारा चाळिशीकडे गेलेला असतो, मुलगा उपाशी आणि तहानलेला. हेही धोक्यात भर घालतं.

झटक्याचं दृश्य बिनचूक लिहा. अंग ताठ, मग हातपाय झटकले जातात, लघवी होते, जीभ चावली जाते, दोन-एक मिनिटांत थांबतं आणि नंतर घोरल्यासारखा श्वास, ओळख न पटणं. मामी कांदा हुंगवेल, कुणी चप्पल आणेल, कुणी दातांत चमचा घालेल. लिहा, कारण तसंच होतं. पण चमच्यानं दात तुटतात आणि तुकडा श्वासनळीत जातो. करायचं ते इतकंच: कुशीवर वळवणं, डोक्याखाली मऊ काही, आजूबाजूचं सामान हलवणं, वेळ मोजणं, तोंडात काहीही न घालणं, 108 ला फोन. पाच मिनिटांवर गेला किंवा शुद्ध न येता दुसरा आला तर ती आणीबाणी. ग्रामीण रुग्णालयात शिरेतून लोराझेपाम किंवा मिडाझोलाम देतील, आणि पहिला प्रश्न विचारतील, ‘काही घेतो का?’ इथं बाप काय उत्तर देतो? मुलीच्या लग्नाची जाहीर सूचना मंडळीत वाचली जातेय. ‘नाही साहेब, चांगलं लेकरू आहे.’ हे एक खोटं डॉक्टरला चुकीच्या दिशेला नेतं, मेंदूज्वराच्या तपासण्या सुरू होतात, तास वाया जातात. तुमच्या कादंबरीतला सगळ्यात ताणाचा क्षण विक्रेत्याच्या अड्ड्यावर नाही, या टेबलासमोर आहे.

तिथून संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, हलवणं स्वाभाविक. जालन्याहून अंतर साठेक किलोमीटर. उपचार म्हणजे गोळी तोडणं नव्हे, पायरीपायरीनं उतरवणं. जास्त वेळ टिकणाऱ्या त्याच जातीच्या औषधावर आणून, दर एक-दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्के कमी. म्हणजे व्यसनमुक्तीच्या पहिल्या महिन्यात मुलगा डॉक्टरच्या हुकमानं गोळ्याच घेत असतो. मंडळीतल्या कुणाला हे कळलं तर काय म्हणतील? ‘विश्वास नाही का तुमचा?’ आईनं गोळ्यांचा डबा कुलपात ठेवून रोजची मात्रा स्वतः द्यायची असते. त्या कुलपाची किल्ली हाही कादंबरीचा ऐवज आहे.

जास्त मात्रेचं दृश्य हवं असेल तर एकट्या गोळ्यांपेक्षा गोळी आणि कोडीन, किंवा गोळी आणि दारू, हे मिश्रण मारतं. श्वास मोजा: मिनिटाला बारा ते वीस नेहमीचे, आठच्या खाली गेले, ओठ निळसर झाले, घशात घरघर आली की वेळ संपत आलेली असते. नॅलोक्सोनचं इंजेक्शन कोडीन-हेरॉइनचा परिणाम उलटवतं, झोपेच्या गोळ्यांचा नाही. आणि त्याचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, मग माणूस पुन्हा बुडू शकतो. नर्स आईला हे माहीत असेल, म्हणून ‘उठला, आता घरी नेऊ’ असं ती म्हणणार नाही. परदेशी पुस्तकांतला नाकात मारायचा फवारा जालन्याच्या मेडिकलमध्ये मिळाला असं दाखवू नका.

लघवीची तपासणी आई घरीच करेल, किट ऑनलाइन मिळतात. ताजा नमुना कोमट असतो, चार मिनिटांच्या आत साधारण 32 ते 38 अंश. गार निघाला तर दुसऱ्याचा आहे. गोळ्यांचा रकाना ‘बीझेडओ’ असतो, तो असलेलं किटच घ्यावं लागतं. गांजा एकदाच ओढला तर तीनेक दिवस, रोजचा असेल तर महिनाभरही दिसतो. एमडी बहुतेक साध्या किटवर दिसतच नाही, सोल्युशन तर नाहीच. तेव्हा ‘निगेटिव्ह आला’ म्हणजे निर्दोष असं नव्हे. आणि उलटा घोटाळा नाताळात होतो: फराळात अनारसे असतात, त्यावर खसखस, आणि 300 नॅनोग्रॅमच्या कडक मर्यादेचं किट असेल तर ‘ओपीआय’ची, म्हणजे अफूवर्गाची, रेघ दगा देऊ शकते. निर्दोष बहिणीनं भावाला धीर द्यायला आपलीही तपासणी केली आणि तीच पॉझिटिव्ह निघाली, हा धागा मी मोहानं सुचवतोय. नको असेल तर सोडून द्या.

कायद्याचं थोडक्यात, पण अचूक. मुलगा अठराच्या आत आहे, त्यामुळे लॉकअप नाही, बेड्या नाहीत, ओळख छापायची नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर हजर करायचं, ठेवायचंच झालं तर निरीक्षणगृहात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, 1985 चा. नुसतं सेवन केल्याचं कलम 27, आणि गोळ्यांच्या बाबतीत शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढ्या लहान गुन्ह्यात अल्पवयीनावर एफआयआर होत नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. पण सोबत प्रौढ आरोपी असला तर एफआयआर होतो. म्हणजे दुचाकीवर मागे कोण बसलं होतं, एकोणीस वर्षांचा की सतरा वर्षांचा, यावर सगळं फिरतं.

अल्प्राझोलामची ‘अल्प मात्रा’ 5 ग्रॅम, ‘व्यापारी मात्रा’ 100 ग्रॅम. गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम असतं, म्हणून 5 ग्रॅम म्हणजे हजारो गोळ्या असं वाटेल. तसं नाही. एप्रिल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिरा सिंग खटल्यात सांगितलं की मिश्रणाचं अख्खं वजन धरायचं. गोळीचं वजन 100 मिलिग्रॅम धरलं तर पन्नास गोळ्यांतच 5 ग्रॅमची रेघ येते. पाच पट्ट्या. मित्राच्या ठेवायला दिलेल्या डब्यात सहा पट्ट्या निघाल्या तर मुलगा ‘सेवन करणारा’ राहत नाही. हा आकडा तुमच्या कथानकातला सापळा होऊ शकतो. दुसरीकडे, बाल न्याय कायदा 2015 चं कलम 77 मुलाला नशा देणाऱ्याला आणि 78 मुलाकडून माल वाहून घेणाऱ्याला लागतं. दोन्हींत सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड. आणि एनडीपीएसचं कलम 64-अ: स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनीला लहान गुन्ह्यात खटल्यापासून मोकळीक मिळू शकते, उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेतात. हे वकिलाच्या तोंडून बापाला कळलं, की लपवण्याचा सगळा खटाटोप उलटा पडलाय हे त्याच्या लक्षात येईल.

केंद्रात भरती दाखवताना सगळ्यात जास्त चुका होतात. रात्री गाडी येते, चार दांडगे पोराला उचलतात, डोकं भादरतात, साखळी लावतात. अशी ठिकाणं नाहीत असं मी म्हणणार नाही, पण ती बेकायदा आहेत हे कादंबरीत कळलं पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये व्यसनही येतं. अल्पवयीनाला दाखल करायला पालकांचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, मोठ्या रुग्णांपासून वेगळी जागा, पूर्ण वेळ सोबत घरचं माणूस, आणि 72 तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं, एवढं लागतं. साखळीला कुठल्याही रूपात मनाई आहे. सोबत कोण राहणार हा प्रश्न घर हलवतो: आईची नोकरी की बापाची खजिनदारी?

आता मंडळी. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत दानाचे पैसे भक्तीनंतर वेस्ट्रीत (चर्चला लागून असलेल्या खोलीत) दोघांनी मोजायचे आणि वहीवर दोघांच्या सह्या, अशी पद्धत असते. बँक सोमवारी. म्हणून चोरी रविवार दुपार ते सोमवार सकाळ या पट्टीत, खजिनदाराच्या घरच्या कपाटातूनच होऊ शकते, आणि रक्कम आधीच लिहिलेली असल्यानं झाकता येत नाही. मोठी रोख हवी असेल तर कापणीच्या सणाचा लिलाव घ्या: भोपळा, कोंबडी, ज्वारीचं पोतं, चढाओढीनं बोली, आणि संध्याकाळी पिशवीभर नोटा. रात्री मुलाला बाहेर ठेवायचं असेल तर डिसेंबरातली कॅरलची फेरी आहे, एकतीसची वॉचनाइट, म्हणजे वर्षअखेरची रात्रीची उपासना, आहे. कुणी विचारत नाही. प्रभुभोजनाच्या पेल्यात नशा शोधू नका, अनेक मंडळ्यांत तो नुसता द्राक्षांचा रस असतो.

जालन्याचं ख्रिस्ती जग जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जवळच बेथेल वसवलं, मिशनच्या दवाखान्याच्या पिढ्या इथं आहेत, आणि सगळे एकमेकांचे सोयरे. 1970 पासूनच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात पाळकसाहेब बदलून येतात-जातात, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीतली माणसं मात्र तीच राहतात. त्यामुळे सत्ता पाळकापेक्षा सेक्रेटरीच्या हातात दाखवलीत तर खरं वाटेल. पाळकाकडे मुलानं कबूल केलं तर पाळक काय करणार? कॅथलिक फादरला पापनिवेदनाची मोहर मोडता, म्हणजे ऐकलेलं कुणाला सांगता, येत नाही, धर्मनियमानं. प्रोटेस्टंट पाळकावर तसं संस्कारात्मक बंधन नाही. आणि भारतीय साक्ष कायद्यात वकिलाला आहे तसं संरक्षण धर्मगुरूला वेगळं दिलेलं नाही. न्यायालयात त्याला बोलवता येतं. मुलाचा पंथ ठरवताना हा फरक वापरा.

विश्वासाच्या धाग्याबद्दल. उधळ्या पुत्राचा दृष्टान्त तुम्ही वापरणारच. मग लूकचा पंधरावा अध्याय अख्खा वाचा. त्यात तीन हरवलेल्या गोष्टी आहेत: शंभरातलं मेंढरू, दहातलं नाणं आणि मुलगा. मेंढरामागे माणूस रानात जातो, नाण्यासाठी बाई दिवा लावून घर झाडते, मुलासाठी बाप घरीच वाट बघतो. तो मुलगा वाटणी घेऊन गेलेला, स्वतःचा निर्णय घेणारा होता. सोळा वर्षांचं पोर तसं नसतं. तुमचा खजिनदार रविवारी तिसरा दृष्टान्त सांगत असेल आणि त्याला वागायला हवं असेल पहिल्या दोहोंसारखं, तर संघर्ष बाहेरून आणायची गरज उरत नाही. दृष्टान्तातल्या, घरी राहून रागावलेल्या थोरल्या भावाची जागा बहिणीला द्या. तिचा राग रास्त आहे, तिला लवकर माफ करायला लावू नका.

प्रार्थनेनं झटका थांबला असं लिहू नका. वाचकांतली एखादी आई ते खरं मानून गोळ्या तोडेल. प्रार्थना बापाला डॉक्टरसमोर खरं बोलण्याचं बळ देते, एवढं दाखवलंत तर ना विश्वासू वाचक दुखावेल, ना वैद्यकशास्त्र. पुन्हा घसरणंही ठेवा, ते बहुतेकांच्या बाबतीत होतं, आणि उतरवून झाल्यावर जुन्याच मात्रेवर परत जाणं सगळ्यात घातक, कारण सराव गेलेला असतो.

संवादात मामा-मामी ‘काहून बोलंना रे’, ‘लेकराला काय झालं’ असं बोलतील. वडील सभेत ग्रंथाची भाषा आणि घरात जालन्याची. मुलगा ‘पप्पा-मम्मी’ म्हणेल, वडीलधारे एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ करतील. शिवीगाळ कमी, टोमणे जास्त.

गोळीचं बाजारातलं नाव आणि नशेसाठी किती लागतात तो आकडा छापू नका, कादंबरीला त्याची गरज नाही. शेवटच्या पानावर क्रमांक द्यायचे असतील तर व्यसनमुक्तीसाठी 14446, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस 14416, मुलांसाठी 1098, रुग्णवाहिकेसाठी 108. प्रूफ छापायला जाईल त्या आठवड्यात चारही स्वतः लावून बघा, आणि मराठीत कोण बोलतं तेही ऐकून ठेवा.